मधमाशांचा शेजार

महाबळेश्वरच्या बाजारांत गेलेला मनुष्य मधाची बाटली घेतल्यावांचून सहसा परत येत नाहीं. ती बाटली घरीं येते, फडताळांत ठेवली जाते, खोकला झाला कीं तिच्यांतून चमचाभर मध काढला जातो, आणि बहुतेकांचा मधमाशीशीं असलेला संबंध तेथेंच संपतो. हा मध कोणत्या झाडाचा, तो कोणीं काढला, आणि ज्या माशांनीं तो जमविला त्यांचें पुढें काय झालें, असें विचारणारें गिऱ्हाईक विरळा. आज मी बोलणार आहें तें त्या माशांविषयीं, डोंगरांत त्यांना पाळणाऱ्या लोकांविषयीं आणि त्या दोघांवर जीं संकटें आलीं आहेत त्यांविषयीं.

'पाळणाऱ्या' हा शब्द मीं वापरला खरा, पण तो जरा सैलपणानेंच. गाय दाव्याला बांधतां येते; कोंबडी खुराड्यांत कोंडतां येते. मधमाशीच्या बाबतींत यांपैकीं कोणताच उपाय चालत नाहीं. ती पेटींत राहते ती भाडेकरू म्हणून, आणि भाडें किती द्यावयाचें हेंहि तीच ठरविते. अन्न कमी पडलें, मुंग्यांनीं सतावलें, पेटी उन्हानें तापली किंवा उत्साही मालकानें ती वारंवार उघडून पाहिली, तर एखाद्या सकाळीं राणीसह सारी वसाहत उठते आणि रानांत निघून जाते. मधपाळाच्या हातीं रिकामीं पोळीं तेवढीं राहतात. आपल्याकडील सातेरी माशीचा हा स्वभाव ज्यानें ओळखला नाहीं त्यानें या धंद्यांत पडूं नये.

आपल्या देशांत मध सांठविणाऱ्या माशा मुख्यतः चार तऱ्हांच्या आढळतात. आग्या ही सर्वांत मोठी. कड्याच्या कपारीला, उंच झाडाच्या फांदीला आणि हल्लीं शहरांतील इमारतींच्या सज्जांनाहि तिचें एकच प्रचंड पोळें लोंबत असतें. तिचा राग सर्वांना ठाऊक आहे, आणि तिला पेटींत नांदविण्याचे प्रयत्न सफल झालेले नाहींत. फुलोरी तिच्या मानानें अगदीं लहान. झुडपाच्या डहाळीला तळहाताएवढें पोळें लावून ती आपला संसार थाटते. पोयाची माशी त्याहूनहि बारीक. तिला डंख मारतां येत नाहीं, आणि भिंतीच्या भेगेंतसुद्धां तिचें भागतें. राहिली सातेरी. ही झाडाच्या ढोलींत, खडकाच्या कपारींत, कधीं वारुळांतहि, अंधारांत एकाशेजारीं एक अशीं अनेक समांतर पोळीं बांधते. अंधाराची ही आवडच तिला माणसाच्या पेटीपर्यंत घेऊन आली. कारण तिच्या दृष्टीनें पेटी म्हणजे फळ्यांची केलेली ढोलीच.

पूर्वीं मध काढण्याची रीत एकच होती. धूर करावयाचा, माशा उडवून लावावयाच्या, पोळें कापावयाचें आणि अंडीं, पिलें, मेण व मध हें सर्व एकत्र पिळून फडक्यांतून गाळून घ्यावयाचें. असा मध गढूळ असे, लवकर आंबे, आणि शेरभर मधापायीं एक वसाहत नाहींशी होई. ही रीत पालटली ती अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या एका धर्मोपदेशकाच्या सूक्ष्म नजरेमुळें. दोन फळ्यांमध्यें सुमारें तीन अष्टमांश इंच जागा मोकळी ठेवली तर माशा ती बुजवीत नाहींत व तेथें पोळेंहि बांधीत नाहींत. ती त्यांची जाण्यायेण्याची बोळ ठरते, हें त्यांनीं १८५१ सालीं हेरलें. एवढ्याशा गोष्टीनें सारा धंदा बदलला. पोळें लांकडी चौकटींत बांधवून घ्यावें, ती चौकट न मोडतां उचलावी, मधयंत्रांत फिरवून मध वेगळा करावा आणि रिकामें पोळें माशांना परत द्यावें, हें शक्य झालें. मेण तयार करण्यासाठीं माशांना मेणाच्या कित्येक पट मध खावा लागतो. तेव्हां बांधलेलें पोळें परत मिळणें ही त्यांच्या दृष्टीनें केवढी बचत!

दक्षिण हिंदुस्थानांत फादर न्यूटन यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सातेरीच्या बेताची लहान पेटी तयार करून ती खेड्यांतून शिकविली. महाबळेश्वरकडे हें काम १९४० नंतरच्या दशकांत ग्रामोद्योगाच्या चळवळीबरोबर आलें आणि तेथें चांगलें रुजलें. मधपाळांची सहकारी संस्था उभी राहिली. तिचें 'मधुसागर' हें नांव पर्यटकांच्याहि परिचयाचें आहे. १९६२ सालीं पुण्यास मधमाशांच्या संशोधनाची व शिक्षणाची मध्यवर्ती संस्था निघाली. हा सर्व इतिहास मी थोडक्यांत आटोपतों. कारण पेटीपेक्षां पेटीभोंवतालचें रान अधिक महत्त्वाचें आहे.

मधपाळाचें वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाहून निराळें असतें. पाऊस पडला कीं शेतकरी हंसतो; महाबळेश्वरचा मधपाळ चिंतेंत पडतो. तेथें वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुक्यानें आणि सरींनीं माशांचें उडणें बंद होतें. बाहेर अन्न नाहीं, आंत सांठा संपत आलेला. अशा वेळीं साखरेचा पाक पेटींत ठेवून त्यांना जगवावें लागतें. कित्येकांना वाटतें कीं मधपाळ पाक पाजतो म्हणजे त्याचा मध खोटा. तसें नाहीं. पावसाळ्यांतील पाक हा उपासमार टाळण्यापुरता असतो. फुलांचा हंगाम चालूं असतांना जो पाक पाजतो तो मात्र खरोखर गिऱ्हाइकाला फसवितो.

पाऊस ओसरतांना सड्यांवर आणि उतारांवर फुलें येतात. कारवीचें वर्ष असेल तर मधपाळाची दिवाळी आधींच सुरूं होते. कारवी दरवर्षीं फुलत नाहीं. सात-आठ वर्षें मुकाट्यानें वाढून डोंगरच्या डोंगर ती एकदम जांभळी होते, बीं धरते आणि मरून जाते. तिचा मध दाट व गडद असतो. व्हायटीहि अशीच वर्षें मोजून फुलणारी. थंडींत वसाहती वाढीस लागतात. दांडग्या वसाहतींचे दोन भाग करून नवी पेटी बसवितां येते. मग उन्हाळ्यांत गेळा, जांभूळ, हिरडा यांचा बहर येतो, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत मधाचें मुख्य काम चालतें. पोळ्याच्या घरांना मेणाचीं झांकणें बसलीं म्हणजे मध पिकला असें समजावें. त्याआधीं उतावीळपणानें काढलेल्या मधांत पाण्याचा अंश फार राहतो व तो आंबतो. एवढा खटाटोप करून सातेरीच्या एका पेटीपासून वर्षाला सामान्यतः पांच ते दहा किलो मध मिळतो. हा आकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मधाची किंमत जास्त वाटली म्हणजे तो आठवावा.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. सातेरीची कामकरी माशी अन्नासाठीं साधारणपणें एक ते दीड किलोमीटर अंतरापर्यंत जाते. हें अंतर ऐकायला थोडें वाटेल. पण पेटीभोंवतीं दीड किलोमीटरांचें वर्तुळ काढून पाहा. त्याचें क्षेत्रफळ सात चौरस किलोमीटर, म्हणजे सतराशें एकरांहून अधिक भरतें. मधपाळाच्या मालकीची जमीन यांत किती? बहुधा एकदोन एकर, पुष्कळदां तीहि नाहीं. बाकी सारें शेजाऱ्याचें शेत, गांवचें गायरान आणि सरकारचें रान. त्या सतराशें एकरांत कोणीं काय फवारलें, कोणतें झाड तोडलें, कोणाची रोगट पेटी उघडी पडली आहे, यांवर त्याच्या पेटीचें आयुष्य अवलंबून असतें. दुसऱ्या कोणत्याहि जनावराच्या बाबतींत धन्याला शेजाऱ्यांवर इतकें विसंबून राहावें लागत नसेल.

जुन्या शत्रूंना तोंड देणें सातेरीला चांगलें ठाऊक आहे. गांधीलमाशी पेटीच्या दाराशीं घिरट्या घालूं लागली कीं पहारेकरी माशा एका लाटेसारख्या पोटें हालवून तिला बिचकवितात. तरीहि ती जवळ आली तर शेंकडों माशा तिच्यावर तुटून पडतात. तिला चावीत नाहींत, डंखहि क्वचितच मारतात. तिच्याभोंवतीं आपल्या अंगांचा घट्ट गोळा करून स्नायू थरथरवितात, आणि त्या गोळ्याच्या पोटांत सुमारें ४६ अंश सेल्सिअस उष्णता निर्माण होते. गांधीलमाशी त्या उष्म्यानें मरते. मधमाशी तिच्याहून थोडी अधिक उष्णता सोसूं शकते, म्हणून वांचते. व्हरोआ नांवाचा रक्तशोषक गोचिडीसारखा कीटक मूळचा हिच्याच अंगावरचा. सातेरी एकमेकींचें अंग झाडून त्याला काढून टाकते, आणि त्याची वाढ बहुतांशीं नरांच्या पिलांपुरतीच राहते. तोच कीटक युरोपीय माशीवर गेला तेव्हां त्यानें जगभर तिच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या. मेणकिडाहि जुनाच, तो दुबळ्या वसाहतींत शिरतो, भरभक्कम वसाहतींत त्याचा टिकाव लागत नाहीं.

पण नव्या शत्रूंशीं लढण्याची विद्या इतक्या लवकर येत नाहीं. थाई सॅकब्रूड या नांवानें ओळखला जाणारा विषाणूचा रोग थायलंडमध्यें १९७६ सालीं ध्यानांत आला. १९७८ सालीं तो मेघालयांत दिसला, आणि १९९१-९२ मध्यें दक्षिण हिंदुस्थानांत पसरून त्यानें तेथील शेंकडा नव्वदांहून अधिक वसाहती मारल्या. या रोगानें मोठी माशी सहसा मरत नाहीं, पिलूं मरतें. कोशांत जाण्याच्या बेतांत असतांनाच त्याची कातडी द्रवानें भरलेल्या पिशवीसारखी होते, आणि डोकें होडीच्या नाळेप्रमाणें वर उचललेलें राहतें. नवी पिढी येत नाहीं, जुनी काम करून झिजते, आणि पेटी ओस पडते. केरळांत व कर्नाटकांत ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या मध काढला अशा घरांतून रिकाम्या पेट्यांचे ढीग लागले. यावर औषध नाहीं. कांहीं दिवस राणीला पिंजऱ्यांत ठेवून अंडीं घालणें थांबवावें, रोगट पोळीं काढून नष्ट करावींत, एका पेटीची चौकट दुसरींत घालूं नये, हात व हत्यारें स्वच्छ धुवावींत, आणि ज्या वसाहती रोगांतून तगल्या त्यांच्यापासूनच पुढील पैदास करावी. दक्षिणेंतील धंदा पुन्हा उभा राहिला तो त्या तगलेल्या माशांच्या वंशावर.

येथें शेजाराचा प्रश्न पुन्हा येतो. दुबळ्या पेटींतील मध दुसऱ्या पेटीच्या माशा लुटून नेतात, आणि मधाबरोबर रोगहि नेतात. आपल्या पेटींत रोग शिरला हें लाजेपोटीं लपविणारा मधपाळ स्वतःचें नुकसान करतोच, पण चार दिवसांत वाडींतल्या सर्वांचें करतो. म्हणून ज्या गांवीं मधपाळ आठपंधरा दिवसांनीं एकत्र बसतात, कोणाच्या पेटींत काय दिसलें तें मोकळेपणानें सांगतात, त्या गांवांत अशी साथ आवरण्याची थोडी तरी आशा असते. माझ्या मतें सरकारनें वाटलेल्या पेट्यांपेक्षां ही बैठक अधिक मोलाची आहे.

दुसरें संकट फवाऱ्याचें. महाबळेश्वर-पांचगणीच्या पट्ट्यांत स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. देशांतील बरीचशी स्ट्रॉबेरी तेथूनच येते. स्ट्रॉबेरीच्या फळावर जे बारीक दाणे दिसतात त्यांतील प्रत्येकाला पराग मिळावा लागतो. ज्या बाजूच्या दाण्यांना तो मिळत नाहीं ती बाजू फुगत नाहीं, आणि फळ वांकडेंतिकडें होतें. बाजारांत त्याला भाव येत नाहीं. म्हणजे बागाईतदाराला माशी हवी आणि माशीला त्याचें फूल हवें. असें असतांना भर सकाळीं, फुलें उमललेलीं असतांना, बागेंत कीटकनाशक फवारलें जातें. कित्येकदां पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला कोणीं सांगितलेलेंच नसतें. संध्याकाळीं माशा घरीं परतल्यावर फवारावें आणि आदल्या दिवशीं मधपाळाला कळवावें, म्हणजे तो पेट्या झांकील किंवा हलवील. एवढ्यानें पुष्कळ जीव वांचतात. अर्थात् सगळींच विषें एका रात्रींत निवत नाहींत. निओनिकोटिनॉइड वर्गांतील औषधें रोपाच्या अंगांत भिनतात व पराग आणि मकरंद यांतून माशीच्या पोटांत जातात. तीं तिला तात्काळ न मारतां दिशाभूल झाल्यासारखी करतात, आणि ती घरीं परतत नाहीं. युरोपीय संघानें २०१८ सालीं या वर्गांतील तीन मुख्य औषधांचा उघड्या शेतांतील वापर बंद केला. आपल्याकडे त्यांची विक्री चालूं आहे.

रानाविषयीं फार सांगण्याची गरज नाहीं; तें डोळ्यांना दिसतें. महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश २००१ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि त्यामुळें बरेंच वांचलें. तरीहि हिरड्याचें एक जुनें झाड जातें तेव्हां त्याबरोबर किती किलो मध गेला हें कोणी मोजीत नाहीं. ढोली असलेलें वठलेलें झाड 'निरुपयोगी' म्हणून प्रथम तोडलें जातें. सातेरीचें मूळ घर तेंच. पेटींतील वसाहत मेली तर नवी आणावयाची ती रानांतून. रानांतलीच संपली तर मधपाळानें जावें कोणाकडे?

यावर एक उत्तर दिलें जातें तें असें कीं, युरोपीय माशी आणावी. १९६२ पासून पंजाबच्या कृषि-शास्त्रज्ञांनीं नगरोटा येथें, आजच्या हिमाचल प्रदेशांत, तिची जोपासना केली, आणि उत्तरेंतील मोहरीच्या व सूर्यफुलाच्या सपाट मुलखांत ती उत्तम चालते. मध सातेरीच्या तिप्पट-चौपट देते व सहसा पळून जात नाहीं. तिच्याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु तिला फुलांचे सलग विस्तार लागतात. पेट्या मालमोटारींत घालून हंगामाच्या मागें परमुलखांत हिंडावें लागतें. सह्याद्रीच्या माथ्यावरील गरीब कुटुंबाला तें झेपणारें नव्हे, आणि तेथील मुसळधार पावसांत ती माशीहि सुखी नसते. गुडघाभर उंचीच्या झुडपापासून जांभळीच्या शेंड्यापर्यंत थोडीथोडी फुलें वेंचून पोट भरणारी सातेरीच त्या रानाला योग्य आहे.

दुसरी एक अडचण बाजाराची. डिसेंबर २०२० मध्यें दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेनें बाजारांतील तेरा छापांचा मध तपासविला. त्यांपैकीं दहा छाप शुद्धतेच्या अत्यंत कसोशीच्या परीक्षेला उतरले नाहींत. साखरेच्या कारखानी पाकाची भेसळ इतकी बेमालूम होऊं लागली आहे कीं साध्या परीक्षेंत ती सांपडतच नाहीं. पाण्यांत थेंब सोडून पाहणें, कापसाला लावून पेटविणें, या घरगुती कसोट्या तर निरुपयोगीच समजाव्यात. पाकाच्या भावानें मध विकला जाऊं लागला म्हणजे खऱ्या मधपाळाचा माल पडून राहतो. पुढच्या पावसाळ्यांत तो माशांना खाऊं घालण्यास साखर विकत घेत नाहीं, आणि वसाहती उपाशीं मरतात. शहरांतील स्वस्त बाटली व डोंगरांतील ओस पेटी यांचा संबंध हा असा आहे.

मे २०२२ मध्यें महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव देशांतील पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. डोंगराच्या कुशींतील लहानसें गांव. बहुतेक कुटुंबें मधावर थोडीफार अवलंबून. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळानें ही योजना पुढें इतर गांवांतूनहि नेली. कोल्हापूर जिल्ह्यांतील पाटगांव हें त्यांतलेंच. पाट्या लागतात, पाहुणे येतात, मध जागेवरच चांगल्या भावानें विकला जातो, हें सर्व ठीकच. मला या कल्पनेंतील निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. मधाचें गांव म्हटलें म्हणजे ज्याच्या घरीं पेटी नाहीं त्यालाहि माशीशीं कांहीं कर्तव्य आहे असें ठरतें. मीं वर सांगितलेल्या सतराशें एकरांना प्रथमच एक धनी मिळतो.

मात्र पेट्यांच्या संख्येवरून यश मोजण्याची जी संवय लागली आहे ती घातुक होय. अनेक ठिकाणीं पेट्या वांटल्या गेल्या आणि वर्षभरांत त्यांत कोंबड्या बसूं लागल्या. कारण घेणाऱ्याला चार दिवसांचें शिक्षण मिळालें आणि पहिल्या पावसाळ्यांत विचारपूस करण्यास कोणी फिरकलें नाहीं. नवशिक्याला पहिलें एक वर्ष जुन्या मधपाळाच्या हाताखालीं काढूं द्यावें, राणी ओळखूं यावी, उपाशी वसाहतीचा आवाज कळावा, आणि मगच त्याच्या अंगणांत पेटी ठेवावी.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांसाठीं दोन शब्द सांगून आटोपतों. आग्यामोहोळ आपल्या इमारतीला बसलें कीं लगेच विषारी फवारा मारणाऱ्याला बोलावण्याची घाई होते. आग्या माशी हंगामाप्रमाणें स्थलांतर करणारी आहे. कांहीं महिन्यांनीं ती आपण होऊन जाते. तोंवर त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी, रात्रीं तिकडील प्रखर दिवा मालवावा, मुलांना दगड मारूं देऊं नये. पोळें अगदींच धोक्याच्या जागीं असेल तर जाणत्या माणसाला बोलवावें, जाळणाऱ्याला नव्हे.

आणि कधीं आपल्या परसांतील झाडाला मुठीएवढा नव्हे, चांगला नारळाएवढा माशांचा लोंगर अचानक लोंबूं लागला तर भिऊं नये. तो सातेरीचा थवा बहुधा जुनें घर सोडून निघालेला असतो. पोटांत मध भरून घेतल्यामुळें आणि राखण्यासारखें पोळें जवळ नसल्यामुळें त्या वेळीं माशा फारशा रागावत नाहींत. त्यांच्यांतील कांहीं जागा शोधण्यास गेलेल्या असतात. त्या परत येऊन लोंगराच्या पृष्ठावर नाचून ढोलीची दिशा व अंतर सांगतात. माशांच्या नाचाची ही भाषा उलगडल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. कांहीं तासांत, फार तर एकदोन दिवसांत, सर्वांचें एकमत होऊन थवा उडून जातो. त्याआधीं जवळच्या मधपाळाला निरोप धाडावा. तो पेटी घेऊन येईल, राणीसह थवा आंत घेईल, आणि उरलेल्या माशा आपोआप मागून शिरतील. फक्त त्याला पेटी लगेच उचलण्याची घाई करूं देऊं नका. अंधार पडून शेवटची माशी आंत गेल्यावर दार बंद करावें, आणि मगच पेटी हलवावी.